उत्तर नको असलेला प्रश्न

एका वाचकांनी विचारलं आहे : "'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा कोणत्या अलंकारात बसतो? शालेय व्याकरणातली यादी पालथी घातली, सापडला नाही. अशा वाक्यापुढे प्रश्नचिन्ह द्यायचं की उद्गारचिन्ह? आणि पाण्याच्या तक्रारीबद्दल नगरपालिकेला निवेदन लिहितो आहे, त्यात अशी वाक्यं चालतील का?"

यादीत तो सापडणार नाही, कारण ती यादी कवितेसाठी केलेली आहे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती ही मंडळी कवितेत शोभतात. मन वळवू पाहणाऱ्या गद्याची हत्यारं बरीचशी वेगळी असतात आणि शाळेत त्यांची फारशी ओळख करून दिली जात नाही. जोतीराव फुल्यांचं 'विद्येविना मती गेली. मतीविना नीती गेली...' सगळ्यांना पाठ असतं, पण त्या रचनेला काय म्हणतात ते विचारा. संस्कृत साहित्यशास्त्रात त्याला कारणमाला म्हणतात : आधीचं पुढच्याचं कारण, ते त्याच्या पुढच्याचं. आपल्या यादीत तिलाही जागा नाही.

तुमच्या मथळ्यातल्या प्रकाराला कुणी 'वक्तृत्वप्रश्न' म्हणतात, कुणी सरळ 'रेटॉरिकल क्वेश्चन'. मी 'आलंकारिक प्रश्न' म्हणतो. शाळेत तो भेटतो, पण वाक्यरूपांतराच्या धड्यात. 'गुलाब कोणाला आवडत नाही?' याचं विधानार्थी करा : 'गुलाब सर्वांना आवडतो.' झाला एक गुण. होकारार्थी प्रश्न विचारला की नकार निघतो, नकारार्थी विचारला की होकार निघतो, एवढा नियम पाठ करून पोरं पुढे जातात. माणूस सरळ विधान सोडून या आडवाटेनं का जातो, हा खरा मजेचा भाग राहूनच जातो.

जुन्या संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी मात्र यावर बरंच डोकं खर्च केलेलं आहे. त्यांचा शब्द 'काकु', म्हणजे आवाजाचा हेल. शब्द तेच, पण हेल असा की अर्थ उलटावा. रुद्रटानं काकुवक्रोक्ती हा अलंकार मानला. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त त्यावर हरकत घेतली : काकु हा पठणाचा धर्म आहे, तो अलंकार कसा होईल? आणि मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त उदाहरणाला घेतला 'वेणीसंहार' या संस्कृत नाटकातला भीम. युधिष्ठिर तहाला तयार झाल्याचं कळल्यावर भीम म्हणतो, मी रागानं शंभर कौरवांना रणात रगडणार नाही, दुःशासनाच्या छातीचं रक्त पिणार नाही, दुर्योधनाच्या मांड्या गदेनं फोडणार नाही, करू दे तुमच्या राजाला तह! कागदावर सगळे नकार आहेत. भीमाच्या तोंडून ऐकलं की प्रत्येक नकार ही शपथ होते. राजशेखराचं म्हणणं मला इथे पटतं. नटानं हे वाक्य सपाट म्हटलं तर भीम खरोखरच शांत झाल्यासारखा वाटेल.

मराठीची गंमत अशी की हा हेल आपण बराचसा शब्दांतच बसवून टाकला आहे, त्यामुळे तो छापील कागदावरही ऐकू येतो. 'तो थोडाच येणार आहे?' यातला 'थोडाच' प्रमाण सांगत नाही. 'मी कुठे नाही म्हणालो?' यात जागेची चौकशी नाही. 'तो कशाला येतोय!' यात कारण कुणाला हवंय? 'हे काय लिहिणं झालं?', 'असं असतं होय?' हे त्याच जातीचे. 'थोडाच', 'कुठे', 'कशाला', 'काय', 'होय' हे आपले छापील काकु. म्हणींतही ते आहेत : 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?', 'हातच्या कांकणाला आरसा कशाला?'

होकार-नकाराचा शाळेतला नियम मात्र सगळीकडे चालत नाही. 'लाज वाटते का तुला?' आणि 'लाज वाटत नाही का तुला?' ही दोन वाक्यं नियमानं एकमेकांच्या उलट पडायला हवीत. प्रत्यक्षात दोन्हींचा अर्थ एकच, आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो. 'अक्कल आहे का?' आणि 'अक्कल नाही का?' यांचंही तेच. म्हणजे अर्थ होकार-नकारावर ठरत नाही. असे काही वाक्प्रचार आहेत की ते प्रश्नार्थी झाले की चौकशी उरतच नाही, फक्त आरोप उरतो.

'डोके ठिकाणावर असणे' हा त्यातलाच. मथळ्याचा जोर 'काय'मध्ये आहे असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांत हाच 'काय' आजही ओळीनं येतो, 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास...', आणि तिथे मंत्र्यांकडून खरोखर उत्तर अपेक्षित असतं. तो कागदी, थंड 'काय' आहे. टिळकांनी तोच औपचारिक 'काय' घेतला आणि त्याच्या आधी घरातल्या भांडणातलं वाक्य ठेवलं. भारदस्त अग्रलेखाची चौकट आणि आत ओट्यावरून येणारा आवाज, हा विजोडपणाच त्या मथळ्याचा प्राण आहे. 'सरकारची बुद्धी भ्रष्ट झाली आहे' असं विधान केलं असतं तर ती एका संपादकाची तक्रार झाली असती. प्रश्न केल्यावर 'नाही' हा शब्द वाचकाच्या तोंडून निघतो, आणि आपल्या तोंडून निघालेलं मत माणूस सहसा सोडत नाही.

त्याची वेळही ध्यानात घ्या. २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीत प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, काही दिवसांनी तो मेला, आणि सरकारनं पुण्यावर जादा पोलीस बसवले. अग्रलेख जुलैतला. पुण्यातल्या वाचकाजवळ उत्तर आधीपासून तयार होतं. आलंकारिक प्रश्नाची एवढी एकच अट असते, आणि ती लेखकाच्या हातात नसते.

इथे एक जोडून सांगतो, कारण हे सर्रास चुकीचं सांगितलं जातं. टिळकांना १८९७ साली शिक्षा झाली ती या मथळ्यावरून नव्हे. राजद्रोहाचा खटला 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर होता, म्हणजे रँडवरच्या हल्ल्याच्या आधीच्या. त्यात शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता होती. कवितेत महाराज जागे होऊन देशाची अवस्था पाहतात आणि बोलतात. दिवंगत पुरुषाला बोलतं करणं हीसुद्धा मन वळवण्याची जुनी युक्ती. शिक्षा पडली दीड वर्षाची सक्तमजुरी. अलंकार कोर्टात उभे राहिले की त्यांचं काय होतं, यावर कुणीतरी सवडीनं लिहायला हवं.

सगळेच आलंकारिक प्रश्न हाणामारीचे नसतात. 'जगी सर्व सुखी असा कोण आहे?' हा रामदासांचा प्रश्न घ्या. उत्तर उघड आहे, पण पुढच्याच ओळीत ते म्हणतात, 'विचारे मना तूचि शोधूनि पाहे'. म्हणजे उत्तर गृहीत धरून पुढे न जाता मनाला खरोखर कामाला लावतात. मला हा प्रकार टिळकांच्या मथळ्याहून अवघड वाटतो.

आणि हे हत्यार उलटतंही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' ही भाजपची जाहिरात घराघरांत पोचली. वाक्यात कर्ता नाही. कुणी नेऊन ठेवला ते ऐकणाऱ्यानं भरायचं, आणि तेव्हा लोकांनी ते भरलंही. पण कर्त्याची जागा रिकामी ठेवली की ती कायमची रिकामी राहते. सत्ता बदलल्यावर विरोधकांनी तेच वाक्य उचलून विचारणाऱ्यांनाच विचारायला सुरुवात केली, आणि त्यात एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

आता चिन्हाचं. प्रश्नार्थक शब्द किंवा रचना असेल तर प्रश्नचिन्हच द्या. उत्तर अपेक्षित नाही हे वाचकाला कळतं, ते चिन्हानं सांगावं लागत नाही. अपवाद 'तो कशाला येतोय!', 'कसला अभ्यास नि कसलं काय!' अशांचा, जिथे बोलताना आवाज शेवटी खाली पडतो. तिथे उद्गारचिन्ह बरं. दोन्ही चिन्हं एकापुढे एक ठोकायची हल्ली जी पद्धत आहे ती मला आवडत नाही, पण तो आवडीचा मामला झाला.

राहिलं निवेदन. तुम्ही नमुन्यादाखल दोन वाक्यं पाठवली आहेत : 'पाणी ही माणसाची मूलभूत गरज नाही काय?' आणि 'नागरिकांनी अजून किती दिवस थांबायचे?' पहिलं काढून टाका. त्यावर कुणाचाच वाद नाही, त्यामुळे ते वाचणाऱ्याला पुढे ढकलत नाही. दुसरं भाषणात छान वाजेल, पण अर्जात धोक्याचं, कारण पाणीपुरवठा विभागातला कारकून त्याचं शब्दशः उत्तर देऊ शकतो : 'साधारण पंधरा दिवस.' त्याच्या जागी खराच प्रश्न विचारा, विधानसभेच्या धाटणीचा : आमच्या भागातला पुरवठा अमुक तारखेपासून एक दिवसाआड झाला आहे, हे खरे आहे काय, असल्यास, तो कोणत्या तारखेपर्यंत पूर्ववत होईल? आलंकारिक प्रश्न फारच हवा असेल तर एकच ठेवा, तोही शेवटी, आणि निवेदनाची प्रत वर्तमानपत्राला देणार असाल तरच.