कॅप, फिट, लिट, मिड : डिक्शनरीत एक आणि पोरं बोलतात भलतंच, खरा अर्थ कुठला?

तुम्ही विचारलंय की मुलगी दहावीत आहे, मैत्रिणींना मेसेज करताना कॅप, फिट, लिट, मिड असले यमक जुळवल्यासारखे बारके बारके शब्द लिहिते, आणि डिक्शनरी उघडली तर टोपी नाहीतर 'मधला' एवढंच सापडतं, मग खरं काय धरायचं. दोन्ही खरं आहे हो. मी जुळे सोलापुरात इंग्रजीचे क्लास घेतो, त्यामुळं ही भाषा नको म्हटलं तरी दिवसभर कानावर असते.

कॅपचंच बघा. टोपी तर आहेच, शिवाय कॅप म्हणजे वरची मर्यादा, प्राइस कॅप म्हणतात तसली, क्रिकेटमध्ये देशाकडून पहिल्यांदा खेळला की कॅप मिळाली म्हणतात, आणि इंजिनिअरिंगला पोरगं घातलेल्या पालकांना कॅप राउंडशिवाय दुसरं काही आठवतच नाही (ती नुसती आद्याक्षरं आहेत म्हणा). पोरं 'नो कॅप' म्हणतात तेव्हा यातलं काहीच नसतं, त्याचा अर्थ थापा मारत नाही, खरं सांगतोय. हे आलंय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून, आणि अटलांटाच्या रॅपवाल्यांमुळं 2017 च्या आसपास जगभर झालं. आपल्याकडं टोपी घालणं म्हणजे फसवणं, त्यामुळं क्लासमध्ये पोरांना वाटतं हे आपल्याचवरून उचललंय, पण तसा काही संबंध नाही. तिकडं कॅपिंग म्हणजे आधी बोलण्यात समोरच्याच्या वरचढ होणं, त्यातून फुशारकी आणि फुशारकीतून खोटं, असं मानतात.

आता अर्थ ओळखायचा कसा, तर शब्द एकटा उचलून शोधू नका, वाक्यात कुठं बसलाय ते बघा. स्लॅप घ्या. 'ही स्लॅप्ड मी' असेल तर पुढं कर्म आहे, म्हणजे सरळ कानफटात मारली. 'धिस साँग स्लॅप्स' असेल तर कर्मच नाही, गाणं मारणार कुणाला, म्हणजे गाणं कडक आहे. कडक म्हणताना तरी आपण काय नुसत्या भाकरीबद्दल बोलतो का?

फिट जरा नाजूक. आपल्याकडं फिट म्हटलं की एकतर तब्येत ठणठणीत, नाहीतर फिट आली, कांदा हुंगवा. इंग्लंडमध्ये कुणाला फिट म्हटलं तर दिसायला देखणा असाही अर्थ होतो. आणि हल्लीची पोरं आउटफिटचा पुढचा तुकडा छाटून फिट म्हणतात, म्हणजे अंगावरचे कपडे. आमच्या भाचीनं नवी पेठेतून घेतलेला ड्रेस घालून आरशातला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'फिट चेक', तर पाच मिनिटांत तिच्या आत्याचा फोन, कुठल्या डॉक्टरकडं चेक करायलाय म्हणून.

लिट म्हणजे पेटवलेलं, लाइटचा भूतकाळ. आत्ता त्याचा अर्थ जबरदस्त, आपण जाळ म्हणतो तसा. पण शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत लिट म्हणजे दारू पिऊन टाइट असाही अर्थ होता, आणि बऱ्याच डिक्शनऱ्यांत तोही अजून दिलेला असतोय, तो वाचून लगेच पोरीला झापू नका.

मिड म्हणजे सुमार, ठीकठाक, फार काही नाही. याच यमकातला किड मात्र मला लई आवडतो कारण मूळ अर्थ शेळीचं करडू. लहान मुलाला किड म्हणणं हे एके काळी खालच्या दर्जाचं, टवाळ बोलणं समजायचे, आता केजीच्या बोर्डावर छापतेत. यॅपचं उलटं, छोट्या कुत्र्याचं किरटं भुंकणं आणि माणसाची नको तेवढी बडबड, हे दोन्ही अर्थ जुनेच आहेत, पोरांनी फक्त परत बाहेर काढले. आणि रिझ म्हणजे करिझ्माचा मधला तुकडा, समोरच्यावर छाप पाडायची कला, तो तर ऑक्सफर्डनं 2023 चा वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

शोधायचं कुठं म्हणाल तर मोठ्या ऑनलाइन डिक्शनरीत अर्थाच्या आधी स्लँग किंवा इन्फॉर्मल असं बारीक लिहिलेलं असतं ते वाचत चला. अर्बन डिक्शनरी 1999 पासून आहे, नवे शब्द तिथं लवकर सापडतात, पण तिथं कुणीही काहीही लिहितं आणि निम्मं वाह्यात असतं, त्यामुळं मुलीच्या शेजारी बसून उघडू नका, आधी एकटे बघा. बोर्डाच्या पेपरात यातलं काही लिहू नको एवढं मात्र तिला सांगा, निबंधात गड्डा यात्रा वॉज लिट लिहिणारं पोरगं माझ्याच बॅचला आहे.