मागच्या सीटवर कोण बसणार?

गाडीचा प्रश्न घेऊन लोक समुपदेशकाकडे येतात, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. पण येतात, आणि तक्रार साधारण एकच असते. शोधत शोधत दोन कॉम्पॅक्ट एसयूव्हींपर्यंत येऊन ठेपलोय, दोन्ही चांगल्या आहेत, तरी ठरत नाही. विषय निघाला की भांडण होतं. आणि एवढा पैसा घालून निवड चुकली, तर गाडी विकेपर्यंत घरात ऐकून घ्यावं लागेल. अशाच एका कुटुंबाचा हा अनुभव त्यांच्या संमतीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरात पाच माणसं. नवरा-बायको, सहा वर्षांची मुलगी, वर्षाच्या आतला मुलगा आणि नवऱ्याची आई. आईंचे गुडघे दुखतात. त्याने दोन्ही गाड्यांचा लांबलचक तक्ता करून आणला होता: ताकद, टॉर्क, डिकीचे लिटर, सनरूफ, चाकांचा आकार. त्याचा कल पहिल्या गाडीकडे होता. ती उंच, टर्बो पेट्रोल इंजिनाची, ड्युअल क्लच गिअरबॉक्सची, म्हणजे दोन क्लचच्या मदतीने आपोआप गिअर बदलणारी. तिला दुसरी हवी होती, थोडी बुटकी आणि हायब्रिड, म्हणजे इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली. पण ती बोलतच नव्हती. विचारलं की म्हणायची, "त्याला कळतं गाड्यांमधलं, त्यालाच ठरवू दे." आणि तो वैतागायचा, "मग मी ठरवलं की तोंड का पाडतेस?"

मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला आणि एक काम दिलं. एक आठवडा गाडी जेव्हा जेव्हा बाहेर पडेल तेव्हा लिहायचं: चालवलं कुणी, सोबत कोण होतं, कुठवर गेलात, गाडी कुठे लावली. बाकी काही नाही.

पुढच्या भेटीत ती वही उघडली तेव्हा तोच आधी गप्प झाला. जवळजवळ सगळ्या फेऱ्या तिच्या होत्या. शाळा, डॉक्टर, किराणा, पुन्हा शाळा. अंतरं लहान, गर्दी भरपूर, सोबत दोन्ही मुलं आणि बहुतेक वेळा आई. पाचही जण एकत्र असे एकदाच गेले होते. तक्त्यात इतके रकाने होते, पण चालवणार कोण याचा रकाना नव्हता.

माझं मत इथे ठाम आहे. जो रोज चालवतो त्याचा नकार शेवटचा मानावा. होकार सगळ्यांचा लागतो, पण नकार त्याचा एकट्याचा पुरे. हे बोलले तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी झाली. उंच बॉनेटपलीकडचं तिला नीट दिसत नव्हतं, वळताना पुढच्या काचेशेजारच्या जाड खांबाआड रस्ता ओलांडणारा माणूस झाकला जाईल अशी धास्ती वाटत होती. शाळेच्या दारात हीच धास्ती घेऊन रोज उभं राहायचं, हे तिला नको होतं. मग त्याने त्याचं सांगितलं. मी सोबत नसताना ही तिघांना घेऊन जाते, निदान गाडी तरी भक्कम असावी, एवढंच त्याला वाटत होतं. दोघंही त्याच शाळेच्या फेरीची काळजी करत होते आणि एकमेकांना मात्र "तुला फक्त रुबाब हवाय" आणि "तुला काहीच नको असतं" असं ऐकवत होते.

सुरक्षेचा मुद्दा मी कधीच गुळमुळीत सोडत नाही, कारण त्या नावाखाली बरंच काही गृहीत धरलं जातं. उंच गाडी म्हणजे सुरक्षित गाडी असं नसतं. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जातो आणि उलटण्याचा धोका वाढतो. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलमुळे, म्हणजे गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेमुळे, तो बराच आटोक्यात आला. म्हणून ती सोय आपण घेतोय त्याच व्हेरिअंटमध्ये आहे ना, हे पाहायचं. चारही चाकांना ताकद देणारी गाडी निसरड्यावरून सुटायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतात ते टायर आणि ब्रेक. टक्कर-चाचणीत मिळालेले तारे पाहतानाही वर्ष बघावं. अशा चाचण्या घेणारी युरोपातली यूरो एनकॅप ही संस्था १९९७ साली सुरू झाली आणि तिचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नव्हेत. शिवाय लहान मुलांच्या सुरक्षेचे गुण तिथे वेगळे दिलेले असतात. घरात बाळ असेल तर आधी तेच वाचावेत. त्याने वाचले. दुसरी गाडी त्यात मागे नव्हती, आणि त्याच्या मनातली मोठी गाठ तिथे सुटली.

इंजिनाचं फार लांबवत नाही. सतत रांगत्या गर्दीत ड्युअल क्लच अर्धवट जोडलेल्या स्थितीत राहतो आणि तापतो, कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचा प्रकार असेल तर जास्तच. लहान, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत हायब्रिडचा फायदा खरा दिसतो, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. लांबचा मोकळा रस्ता हाच रोजचा रस्ता असता, तर मी हा मुद्दा इतका पुढे केला नसता. डिझेलचाही विचार त्यांनी मध्येच केला होता. पण नुसत्या छोट्या फेऱ्यांत डिझेल गाडीचा काजळी धरणारा फिल्टर नीट साफ व्हायला पुरेशी उष्णता मिळत नाही, म्हणून तो विचार तिथेच थांबला.

डिकीच्या लिटरांवरून मात्र त्यांचं अक्षरशः भांडण झालं होतं, म्हणून थोडं सांगते. व्हीडीए या जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या पद्धतीत २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे प्रत्येकी एक लिटरचे ठोकळे डिकीत रचून मोजतात. पण कुणी खिडकीच्या कडेपर्यंतचा आकडा देतो, कुणी छतापर्यंतचा, कुणी डिकीच्या तळाखालचा कप्पाही धरतो. घरातली बाबागाडी काही ठोकळ्यांची नसते. ती नेऊन ठेवून बघायची.

तेच पुढचं काम होतं. सगळ्यांनी जायचं, मुलांच्या दोन्ही सीट आणि बाबागाडी बरोबर न्यायची, आणि आधी गाडी उभी असतानाच बसून बघायचं. बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची असते; मुलांच्या सीटसाठीच्या आर १२९ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार निदान पंधरा महिन्यांपर्यंत तशीच. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही लावायची नाही. अशी सीट मागे लावली की तिच्या पुढची सीट पुढे सरकवावी लागते, आणि हे गाडीच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं. पहिल्या गाडीत बाळाची सीट आईंच्या मागे लावली, तर आईंचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. दुसऱ्या गाडीतही फार फरक नव्हता. मग सुनेनेच सुचवलं, माझी उंची कमी, माझी सीट तशीही पुढेच असते, बाळ माझ्या मागे ठेवू. दोन्ही गाड्यांत जमलं. त्यात एक अडचण राहिली: बाळाला रहदारीच्या बाजूने उतरवावं लागणार. ते त्यांनी बोलून ठरवलं. शाळेपाशी आधी गाडी आत घ्यायची, मगच दार उघडायचं.

मधल्या जागेचाही उलगडा तिथेच झाला. दोन मुलांच्या सीट लावल्यावर मध्ये मोठं माणूस दोन्ही गाड्यांत कसंबसंच मावत होतं. जाहिरातीत पाच जणांची म्हटलेली गाडी या घरासाठी चार जणांचीच होती. पाचही जण निघतील तेव्हा बारीक अंगाची ती मध्ये बसेल, तो चालवेल, आणि लांब जायचं असेल तर मोठी गाडी भाड्याने घेतील, असं ठरलं. वर्षातल्या मोजक्या प्रवासांसाठी रोजची गाडी मोठी घेणं मला तरी पटत नाही.

आईंना मी मुद्दाम पुढच्या भेटीला बोलावलं होतं, कारण तोवर त्यांचं मत कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "पहिलीत मला चढावं लागतं. दुसरीत मी टेकते आणि पाय आत घेते." त्यांनी खुर्चीवर करूनही दाखवलं. आधी पाठ वळवून टेकायचं, मग एकेक पाय उचलून आत. पहिल्या गाडीची सीट त्यांच्या कमरेच्या वर होती आणि दाराखालचा उंबराही रुंद, त्यामुळे पाय लांबून ओढावा लागायचा. मुलगा ऐकत होता. तक्त्यातल्या कुठल्याच आकड्याने त्याला एवढं हलवलं नव्हतं.

तरीही शेवटची भीती उरली होती: याहून चांगली तिसरी गाडी असली तर? माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली मांडलं, की माणूस खऱ्या आयुष्यात सर्वोत्तम शोधत बसत नाही, गरजेला पुरेसा पर्याय सापडला की थांबतो. मी या घराला थांबायची जागा आधीच लिहायला लावली होती: तिला पुढचं नीट दिसावं, आईंना चढावं लागू नये, दोन्ही सीट घट्ट बसाव्यात, आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असावी. ही शेवटची अट त्याची, आणि त्यासाठी वरचं व्हेरिअंट घ्यायला ती लगेच तयार झाली. चारही अटी पूर्ण झाल्यावर शोध बंद. बुकिंगनंतर नवे व्हिडिओ बघायचे नाहीत, हेही त्यांनी मान्य केलं.

दुसरी गाडी घेतली. चढावर जोर लावला की इंजिनाचा आवाज एकसुरी वाढत जातो, त्याबद्दल तो अजून कुरकुरतो, असं ती सांगते. त्या गाडीत ती उणीव आहेच, आणि घेताना ती दोघांनाही माहीत होती.