गाडी फार फिरत नसेल तरी इंजिन ऑइल दरवर्षी बदलायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल हॅचबॅक आहे, तीन वर्षांत ९,००० किलोमीटर झालेत आणि गाडी बहुतेक दिवस ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत उभीच असते. सर्व्हिस सेंटरवाले दरवर्षी ऑइल बदलायला लावतात, मित्र म्हणतो १०,००० झाल्याशिवाय हात लावू नकोस. वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजला जावं का, हेही विचारलंय.

मित्राचं ऐकू नका. गाडीच्या पुस्तकात '१०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असं छापलेलं असतं आणि लोक त्यातला पहिला अर्धा भाग वाचून पुस्तक मिटतात. माझं वागळे इस्टेटमध्ये गॅरेज आहे आणि माझे सख्खे दाजी याच अर्ध्या वाक्यावर अडून बसलेले आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

दाजींची गाडी १२०० सीसीची चार सिलेंडर पेट्रोल. राहायला चरई. गाडीचं रोजचं काम म्हणजे जांभळी नाक्यावरून भाजी, नातीला क्लासला सोडणं, स्टेशनला कुणाला आणायला जाणं. एक फेरी दोन-अडीच किलोमीटरची. चार वर्षांत ११,००० किमी झाले आणि तेवढ्यात ऑइल एकदाच बदललं गेलं. त्यांची कसोटी ठरलेली: ऑइलची पातळी बघायची स्टिक काढायची, ऑइल दोन बोटांत चोळायचं, चिकट लागलं की चांगलं.

बोटाला कळतो तो थंड ऑइलचा जाडपणा. ऑइल बिघडतं ते वेगळ्याच बाजूने. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण थोडी वाफ आणि न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात उतरतं. इंजिन पुरतं तापलं, ऑइल ९०-१०० अंशांवर काही वेळ राहिलं, तर हे दोन्ही उडून जातं. अडीच किलोमीटरच्या फेरीत ऑइल तेवढं तापतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणून फसू नका, तो कूलंटचा असतो. ऑइल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. मग पाणी, पेट्रोल आणि जळणातली आम्लं ऑइलमध्येच मुरतात. आम्ल मारायला ऑइलमध्ये क्षार घातलेले असतात, ते संपले की ऑइल घट्ट होऊन गाळ धरायला लागतं. हे सगळं गाडी उभी असतानाही चालू राहतं, आणि ठाण्याच्या पावसाळी हवेत जास्तच.

दाजींच्या गाडीत पहिली खूण दिसली ती ऑइल भरायच्या झाकणाखाली, पिवळट सायीसारखा थर. दुसरी खूण आवाजाची. सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड यायची, कारण इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि दाब उशिरा पोचत होता. तिसरी, गाडी गरम असताना सिग्नलला उभी राहिली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. तिथे घोटाळा झाला. त्यांनी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं आणि त्याआधी तिथल्या माणसाने इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुवायचं रसायन ओतलं.

वर्षानुवर्षं गाळ धरलेल्या इंजिनात फ्लश ओतणं हा माझ्या मते गुन्हा आहे. इतका जुना गाळ फ्लशने पुरता विरघळत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. पापुद्रे चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते तिच्यावर जाऊन बसतात. दोन दिवसांनी तीन हात नाक्याच्या पुलावर दिवा पेटला तो विझेना. दाजी गाडी चालवत घरी आले. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, दाब गेल्याचा असतो. तो लागेपर्यंत दाब जवळजवळ संपलेला असतो. अर्धा किलोमीटरही न जाता तिथेच इंजिन बंद करायचं असतं.

चेंबर खोलला तर तळाला बोटभर काळा, डांबरासारखा गाळ. जाळी पाऊण बंद. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) आत सगळीकडे तपकिरी लेप. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगवर चरे पडले होते, ती बदलता येतात. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र थेट हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या ॲल्युमिनियममध्ये फिरतो, मध्ये वेगळी बेअरिंग नसतात. तिथे चर पडले म्हणजे अख्खं हेड गेलं. हेड, बेअरिंग, चेनचा सेट, ऑइल पंप धरून खर्च साठ हजारांच्या वर गेला. मधली तीन वर्षं ऑइल-फिल्टर बदलला असता तर आठ-नऊ हजारांत काम भागलं असतं. दाजी आजही म्हणतात की इंजिन फ्लशमुळे गेलं. फ्लशने ते मारलं हे खरं, पण फ्लशला काढायला गाळ होता तो त्या बोटाच्या कसोटीमुळे.

आता तुमच्या गाडीकडे येतो. तुम्ही किलोमीटर मोजताय, मी तास मोजायला सांगेन. तुमच्या सोसायटीच्या जनरेटरला किलोमीटर नसतात, त्याचं ऑइल चाललेल्या तासांवर आणि महिन्यांवर बदललं जातं. इंजिन तिथेही इंजिनच आहे. गाडीच्या स्क्रीनवर सरासरी वेग दिसत असेल तर तो बघा. कापूरबावडी ते कासारवडवली रोज करणाऱ्या गाड्यांचा १२ ते १५ सहज येतो. ९,००० भागिले १४ म्हणजे जवळपास ६४० तास. हेच ९,००० किमी नाशिक हायवेला ५० च्या सरासरीने झाले असते तर १८० तास. गाडी उभी असताना चालू इंजिनावर भार कमी असतो, त्यामुळे तास तंतोतंत बरोबरीचे नाहीत, पण गाडी 'फारशी चाललेली नाही' हे डोक्यातून काढा. पुस्तकात मागच्या पानांवर 'कठीण परिस्थिती'चा तक्ता असतो: छोट्या फेऱ्या, सतत थांबत जाणं, धूळ. त्यात ऑइलची मुदत साधारण निम्मी दिलेली असते. घोडबंदर रोडला हे तिन्ही लागू आहे.

माझा हिशोब असा. आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग ३०-४० मिनिटं मोकळ्या रस्त्यावर धावत असेल (ऐरोली पुलावरून पाम बीच रोडला जाऊन आलात तरी झालं) तर वर्षाला एकदा पुरे. सगळ्या फेऱ्या पाच किलोमीटरच्या आतल्या असतील तर सहा-आठ महिन्यांनी. पार्किंगमध्ये दहा मिनिटं चालू ठेवून बंद करणं अजिबात नको, त्यात ऑइल तापत नाही आणि पाणी-पेट्रोलची भर मात्र पडते. वर्षातून एकदाच बदलणार असाल तर पावसाळा संपल्यावर बदला. दसऱ्याला गाडीला हार घालता ना, त्याच्या आधीच्या आठवड्यात. पावसाळ्याचा ओलावा पिऊन बसलेलं ऑइल पुढे आठ महिने इंजिनात ठेवायचं कशाला?

काम समोर उभं राहून करून घ्या. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट असताना ऑइल खालच्या बोल्टमधूनच काढायचं. स्टिकच्या नळीतून मशीनने ओढलं तर जड गाळ तळाशी राहतो. थेंब थांबेपर्यंत पंधरा मिनिटं जाऊ द्या. बोल्टचा वॉशर नवा घालायचा आणि बोल्ट हाताच्या पान्याने, पुस्तकातल्या टॉर्कलाच (आवळायच्या मापालाच) आवळायचा. हवेची गन लावली की चेंबरचे आटे जातात, मग दर वेळी गळती. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का ते बघायला सांगा. राहिलं असेल आणि त्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रबरांमधून सगळं ऑइल बाहेर येतं. नव्या रबराला ऑइलचं बोट फिरवायचं आणि ते टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना नको. लहान पेट्रोल गाड्यांना साधारण ३ ते ३.५ लिटर लागतं. आधी थोडं कमी घालायचं, अर्धा मिनिट चालवून बंद करायचं, पाच मिनिटं थांबून सपाट जागी स्टिक बघत भरायचं. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइल तितकंच वाईट, क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेस दाब धरत नाही. ग्रेड पुस्तकात असेल तीच घ्या. ०डब्ल्यू-२० लिहिलं असताना 'आपल्याकडे गरम हवा' म्हणून २०डब्ल्यू-५० घालू नका, डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा असला तरी नव्या इंजिनातल्या फटी पातळ ऑइलसाठीच केलेल्या असतात. रिकामे डबे फोडून टाका, नाहीतर त्यात नकली माल भरून परत विकला जातो. घरी बदललंत तर जुनं ऑइल गटारात ओतू नका, आपली गटारं खाडीला मिळतात. गॅरेजमध्ये आणून द्या.

कमी चालणाऱ्या गाडीच्या बाकीच्या गोष्टीही तारखेवरच जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ दिसली तर चार्ज करा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढे मी टायर ठेवत नाही. एअर फिल्टर मेट्रोच्या कामाच्या धुळीत दर सर्व्हिसला काढून बघा. बॉनेट उघडाल तेव्हा उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा.

बाहेरच्या गॅरेजबद्दल: वॉरंटी असेपर्यंत नको. नंतर जा, पण समोर काम करू देणारा माणूस शोधा आणि बिलावर ऑइलची ग्रेड, तारीख, किलोमीटर लिहून घ्या.

काही गोष्टी राहिल्या. झाकणाखालची साय दर वेळी धोक्याची नसते. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनी येते आणि एका लांब फेरीनंतर जाते. गेली नाही आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गास्केट (हेडखालचं सील) तपासा. सीएनजीवर ऑइल स्वच्छ दिसतं, त्या रंगावर जाऊ नका, तेही मुदतीतच बदला. टर्बो पेट्रोलला वर्षाची वाट बघू नका. बीएस-६ डिझेलला डीपीएफसाठीचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरसाठीचं) कमी राखेचं ऑइलच लागतं, आणि शहरातल्या फेऱ्यांत त्या फिल्टरची सफाई अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरतं. स्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश न होता त्याच आठवड्यात ऑइल बदला.