डीपीपीएच (अँटिऑक्सिडंटची ताकद मोजायची चाचणी) लावण्याआधी रेणूकडे बघ
अरे, लिग्निनमधून (लाकडाला टणकपणा देणारा घटक) निघालेलं प्रत्येक फिनॉल (कार्बनच्या रिंगला ओएच ग्रुप जोडलेला रेणू) सारखंच अँटिऑक्सिडंट असेल असं धरून चालू नकोस. खरा खेळ ओएच ग्रुपच्या हायड्रोजनचा आहे, तो जितका सहज सुटेल तितका रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, चटकन प्रतिक्रिया करणारा रेणू) लवकर शांत होतो, म्हणून ओएचच्या शेजारी दोन मेथॉक्सी (इलेक्ट्रॉन पुरवणारे ग्रुप) असलेलं सिरिंगॉल एकच असलेल्या ग्वायाकॉलपेक्षा सरस ठरतं, आणि व्हॅनिलिनमधला अल्डिहाइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो त्यामुळे डीपीपीएचमध्ये ते अगदीच मंद दिसतं. पण लगेच बाद करू नकोस हं, एबीटीएस ही दुसरी रॅडिकल चाचणी पण लाव, तिथे तेच व्हॅनिलिन बरंच चांगलं काम करतं. डीपीपीएचचं द्रावण ताजं बनव, अंधारात ठेव, जांभळा रंग पिवळा पडत जातो तेव्हा ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घे, आणि अर्क स्वतःच रंगीत असेल (लाकडाचा बहुतेक असतोच) तर त्याचा वेगळा ब्लँक (डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचं रीडिंग) लावल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.