वाचकांचे प्रश्न : जारचं पाणी, नाल्यातलं पाणी

प्रश्न : गावाबाहेर वीस लिटरचे जार भरणारा प्लांट आहे. मालक म्हणतो, रोजचे ३०० जार म्हणजे ६,००० लिटर, एक टँकरसुद्धा नाही. पण प्लांटचं पाणी ज्या नाल्यात सोडतात, त्याच्या काठच्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय. नेमका हिशेब कसा करायचा?
— एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर : मालक विकलेलं पाणी मोजतोय, उपसलेलं नाही. अशा छोट्या आरओ (पडद्यातून दाबाने पाणी गाळणाऱ्या) प्लांटमध्ये आत गेलेल्या पाण्यापैकी साधारण निम्मंच जारपर्यंत पोचतं. म्हणजे उपसा १२,००० लिटर; जार धुणं आणि फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) वेगळं.

त्रास खरा उरलेल्या निम्म्याचा. बोअरच्या पाण्याचं टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ९०० आणि जारमधलं ५० धरलं, तर नाल्यात जाणारं पाणी १,७५० चं असतं, कारण क्षार कुठे नाहीसे होत नाहीत. दिवसाला ६,००० लिटर म्हणजे साडेदहा किलो क्षार. ते खोल बोअरमधून वर येतात आणि नाल्यातून झिरपून उथळ विहिरीत उतरतात. कोरड्या नाल्यात तर पातळ व्हायलाही वाव नाही.

‘फेकाफेकी कमी करा’ म्हणणं सोपं आहे. निम्म्याऐवजी पाऊण पाणी काढायला गेलं, की उरलेल्या पाण्यातले क्षार बोअरच्या जवळपास चौपट होतात, मेम्ब्रेनवर (गाळणाऱ्या पडद्यावर) खर धरते आणि वारंवार ॲसिडने धुवावं लागतं. हा खर्च नको म्हणून बरेच मालक रिजेक्टचा (टाकाऊ पाण्याचा) व्हॉल्व्ह सैल ठेवतात.

तुम्ही करायचं ते असं. टीडीएस मीटर घ्या आणि सोबतच्या ३४२ पीपीएमच्या द्रावणात तपासून घ्या. दर आठवड्याला एकाच वेळी चार ठिकाणी मोजा: बोअर, प्लांटची सांडपाण्याची नळी, तक्रारीची विहीर आणि नाल्याच्या वरच्या अंगाची एखादी विहीर. ही चौथी नोंद सोडू नका. तीसुद्धा तेवढीच वाढत असेल, तर दोष प्लांटचा नाही. पावसाळ्यातले आकडे फसवे असतात, उन्हाळ्यातले धरा. मीटर फक्त क्षार दाखवतो. फ्लोराइड नि जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागेल.

बोअरच्या वॉटर मीटरच्या नोंदी ग्रामपंचायतीमार्फत मागा. मग सगळं लेखी घेऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा, आणि सांडपाण्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. तुमचं क्षेत्र ‘अतिशोषित’ (मुरतं त्याहून जास्त उपसा होणाऱ्या) यादीत आहे का, तेही विचारा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिथे पॅकबंद पाण्याच्या नव्या प्लांटला परवानगी नाही, लघुउद्योग असला तरी.

प्रश्न : देशातलं बहुतेक भूजल शेतीला लागतं. मग बाटलीवाल्यांवरच राग का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आकडा बरोबर आहे. २०२३ च्या केंद्रीय मोजणीत सिंचनाचा वाटा सुमारे ८७ टक्के आहे, उद्योगांचा दोनेक टक्के. पण विहीर देशाच्या सरासरीवर आटत नाही, शेजारच्या पंपावर आटते. केरळात प्लाचिमडाला कोका-कोलाचा कारखाना २००० साली सुरू झाला आणि गावच्या पाण्याच्या तक्रारींवरून २००४ मध्ये बंद पडला. राज्याने नेमलेल्या समितीने २०१० मध्ये नुकसान २१६ कोटींचं ठरवलं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरातच साठतं, तेव्हा एका मोठ्या बोअरचा परिणाम चटकन दिसतो.

प्रश्न : लग्नात २०० मिलीच्या बाटल्या टाळायच्या आहेत. टाकीचं पाणी सुरक्षित कसं करावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नळाच्या तोट्या लावलेली १,००० लिटरची स्वच्छ टाकी आणि स्टीलचे पेले पुरतात. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या, नाहीतर क्लोरीन गाळातच संपतं. मग प्लॅस्टिकच्या बादलीत ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवा (धातूचं भांडं नको), चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतून ढवळा. अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी) करा. पिवळा रंग आला आणि तक्त्यावर क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम भरलं, तर पाणी प्यायला द्या. रंगच आला नाही तर बहुतेक वेळा पावडर जुनी असते. उघड्या पिशवीतलं क्लोरीन उडून जातं. नवं पाकीट घ्या, जुन्याचे चमचे वाढवू नका.