मुलं लहान असताना घरातल्या कचऱ्यातून कोलाज करायला कशी सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की थोरला साडेतीन वर्षांचा आहे, धाकटी नुकती रांगायला लागली आहे. पूर्वी तुम्ही तैलरंगात काम करायचात, पण गेल्या दोन वर्षांत ब्रश हातात घेतलेला नाही. रोज भरणारी कचऱ्याची बादली बघून वाटतं की यातूनच काहीतरी करावं. वेळ कुठून आणायचा, काय साठवायचं, आणि हे ‘खरं काम’ म्हणायचं का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. माझी मुलं आज सात आणि चार वर्षांची आहेत. धाकटा तीन महिन्यांचा असताना मी पहिलं कोलाज, म्हणजे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, केलं, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले.

आधी वेळेचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. तैलरंगात रंग काढा, टर्पेंटाइन काढा, पॅलेट मांडा, यातच अर्धा तास जातो आणि मध्येच बाळ रडलं की रंगलेले ब्रश तसेच पडून राहतात. कोलाजचे मात्र दोन भाग सरळ वेगळे करता येतात. एक मांडणी, दुसरं चिकटवणं. मांडणी कुठल्याही क्षणी सोडून उठता येते. चिकटवणं तसं सोडता येत नाही, ओला कागद वाट बघत नाही. हा फरक मला सुरुवातीला कळला नव्हता. मी एका बैठकीत तुकडे लावत आणि चिकटवत जायचे, आणि दर वेळी मधेच उठावं लागून कागद आकसायचा, कडा उचलल्या जायच्या, हाताचा गोंद बाळाच्या कपड्यांना लागायचा.

आता मी असं करते. एका जाड पुठ्ठ्यावर तुकडे नुसते ठेवत जाते, गोंद अजिबात नाही. हाक आली की फोनने एक फोटो काढते, वर तेवढाच दुसरा पुठ्ठा ठेवते, दोन्हीला रबरबँड लावते आणि कपाटावर सरकवते. या सगळ्याला मिनिटभर लागतं. दुसऱ्या दिवशी, कधी चार दिवसांनी, उघडलं की काही तुकडे हललेले असतात. ते फोटोत बघून जागेवर आणता येतात, पण बऱ्याचदा हललेली जागाच जास्त बरी वाटते. मधे गेलेले दिवस वाया गेलेत असं मला कधी वाटलं नाही. भांडी घासताना, बाळाला थोपटताना ती मांडणी डोक्यात चालूच असते, आणि परत समोर घेतल्यावर काय खुपतंय ते चटकन दिसतं. चिकटवायचं मात्र दोन्ही मुलं झोपल्यावरच, वीस-पंचवीस मिनिटांत, सगळ्यात खालच्या थरापासून. तेवढं झालं नाही तर पुढच्या रात्री.

आणखी एक, सुरुवातीला कात्री बाजूला ठेवा. बाळ मांडीवर असताना कात्री हातात नको, हे तर आहेच. पण फाडणं हे स्वतंत्र शिकण्यासारखं आहे. वर्तमानपत्र एका दिशेने फाडलं की सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कारण कागद यंत्रावर बनताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने पसरतात. छापील जाड कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी कड येते आणि दुसऱ्याला येत नाही. दोन हातांपैकी कोणता आपल्याकडे ओढला, त्यावर ते ठरतं. ही पांढरी कड हवी तिथे आणता आली की रेषा काढायची गरज राहत नाही. मी महिनाभर फक्त फाडत होते. ते करताना मुलाशी बोलता येत होतं आणि एका हातावर बाळही राहत होतं.

आता काय साठवायचं. पाकिटांची आतली बाजू तुम्ही कधी नीट बघितलीय का? आतलं पत्र बाहेरून वाचता येऊ नये म्हणून निळ्या, करड्या बारीक नक्ष्या छापलेल्या असतात, आणि त्यांचे प्रकार न संपणारे आहेत. माझ्याकडचा सगळ्यात लाडका कागद तोच. औषधांच्या खोक्यातलं घडीचं माहितीपत्रक घ्या. इतका पातळ कागद विकत मिळणं अवघड, आणि खालचा रंग त्यातून झिरपल्यासारखा दिसतो. चहाची वापरलेली पिशवी उघडून, झटकून वाळवली की तिचा कागद ओला असतानाही तुटत नाही. खोक्याचा नालीदार पुठ्ठा थोडा भिजवून वरचा थर सोलला की आतल्या लाटा उघड्या पडतात. फळांच्या जाळ्या, कपड्यांच्या आतली धुण्याच्या सूचनांची पट्टी, वापरून झिजलेला पॉलिश पेपर, उसवलेली काज, हे सगळं चालतं. डायपरच्या पाकिटाचं प्लास्टिक मी बरेच दिवस फेकत होते. आज वाटतं की त्या वर्षातलं सगळ्यात खरं साहित्य तेच होतं.

पण साठवणीला हद्द घाला. माझ्याकडे बुटांचं एक खोकं आहे. ते भरलं की नवीन आत येण्याआधी जुनं बाहेर जातं. लहान मुलांच्या घरात साठवण वाढत गेली की आठवड्यात ती घरच्यांना नकोशी होते आणि मग कामच बंद पडतं. खोक्यात जे जाईल ते कोरडं, स्वच्छ आणि सपाट असलं पाहिजे. अन्नाचा अंश राहिलेलं काहीही नको. एकदा मी नीट न धुतलेलं खोकं ठेवलं होतं, आणि मुंग्या लागून शेजारचे तीन महिन्यांचे कागदही फेकून द्यावे लागले.

आता जरा थांबून वाचा, कारण धाकटी रांगते आहे. माझा धाकटा दहा महिन्यांचा असताना बाटलीचं एक झाकण त्याच्या तोंडात सापडलं. ते मी ‘चित्रासाठी’ म्हणून खालच्या फळीवर ठेवलेलं होतं. वेळेत दिसलं, काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून एक नियम आहे: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. बटणं, झाकणं, मणी, स्टेपलच्या पिना, सगळं त्यात आलं. गोल चपट्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं तर या छंदासाठी घरात साठवूच नका. बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका भाजते. गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसायला छान चमकतात, तरी मी वापरत नाही. औषध म्हणजे खेळायची वस्तू, असं मुलाच्या डोक्यात जाऊ नये म्हणून. नव्या वस्तूंसोबत येणाऱ्या ‘खाऊ नका’ लिहिलेल्या दाण्यांच्या पुड्याही सरळ बाहेर.

दुकानातल्या छापील पावत्यांबद्दल वेगळं सांगते, कारण त्याची मोठी किंमत मी मोजली. धाकट्याच्या जन्मानंतर त्याला काही आठवडे दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. त्या दिवसांतल्या सगळ्या पावत्या मी जपल्या आणि त्यांचं एक कोलाज केलं. तारखा, वेळा, औषधांची नावं, रात्री अडीचला घेतलेल्या चहाचं बिलसुद्धा. ते मी भिंतीवर लावलं. वर्षभरात त्यातली बहुतेक अक्षरं गेली आणि गोंद लागला होता तिथे डाग पडले. या पावत्यांवर शाई नसते. कागदावरच्या लेपाला उष्णता लागली की तो काळा पडतो, आणि उजेड, उष्णता, तेल, काही गोंद यांनी ती अक्षरं उडून जातात. त्या लेपात बऱ्याचदा बिस्फेनॉल जातीची रसायनंही असतात, त्यामुळे मुलांच्या हातात तर त्या देऊच नयेत. तुमच्याकडे जपण्यासारखी पावती असेल तर आजच तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढा आणि कोलाजात ती वापरा. माझ्या त्या चित्रात आता पांढऱ्या पट्ट्याच आहेत. मी ते भिंतीवरून काढलेलं नाही.

गोंदाचं थोडक्यात. ग्लू स्टिक तुकडा तात्पुरता धरून ठेवायला बरी, पण वर्षा-दोन वर्षांत सुटते. कागदासाठी पांढरा फेविकॉलसारखा गोंद थोडं पाणी घालून, पातळ थर, आणि मधून बाहेरच्या बाजूला बोटाने दाबत न्यायचं. मुलासोबत करताना पिठाची खळ चांगली, तोंडात गेली तरी घाबरायला नको. टिकवायच्या चित्राला मात्र खळ लावू नका, तिच्यामागे कसर येते. चमकीच्या किंवा प्लास्टिकच्या वेष्टनात गोंद मुरत नाही, म्हणून मागची बाजू पॉलिश पेपरने घासून घ्या. पुठ्ठा वाकतो तो समोरचा कागद वाळताना आकसतो म्हणून. मागच्या बाजूलाही एक साधा कागद चिकटवा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा होतो. मग रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. वर्तमानपत्र पिवळं पडणारच, कारण त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य तसंच राहिलेलं असतं. पिवळं पडणं चालणार असेल तिथेच ते वापरा.

थोरल्याला बरोबर घ्यायचं का? घ्या, पण त्याचा पुठ्ठा वेगळा आणि तुमचा वेगळा. मी सुरुवातीला एकाच कागदावर दोघांनी करायचा प्रयत्न केला. मग मी त्याचे तुकडे ‘नीट’ करायला लागले, आणि तो रुसून उठला. चूक माझी होती. आता खोक्यातलं त्याला जे हवं ते तो आधी उचलतो, आणि त्याच्या पुठ्ठ्याला मी हात लावत नाही. त्याची चित्रं फाडून आपल्या कोलाजात वापरायची असतील तर त्याला विचारा. साडेतीन वर्षांचं मूल ‘नको’ म्हणू शकतं, आणि ते ऐकायचं.

राहिलं ‘खरं काम’. कुर्ट श्विटर्स हा जर्मन चित्रकार १९१९पासून तिकिटं, वेष्टनं, तारेचे तुकडे, रस्त्यावरचे कागद चिकटवून चित्रं करत होता. त्या कामाला त्याने दिलेलं ‘मेर्त्स’ हे नावसुद्धा एका बँकेच्या जाहिरातीच्या फाटक्या तुकड्यावरून आलं. तेव्हा त्याच्या घरात काही महिन्यांचा मुलगा होता. पण मला जास्त जवळची वाटते ती न्यूयॉर्कची मर्ल लेडरमन युकेलीज. १९६८मध्ये तिला पहिलं मूल झालं आणि दिवसभराचं पुसणं, धुणं, आवरणं यात काम करायला जागाच उरेना. १९६९मध्ये तिने एक जाहीरनामा लिहिला, की हे पुसणं-आवरणं हीच आता माझी कला. पुढे १९७७पासून ती न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात बिनपगारी कलाकार म्हणून राहिली आणि १९७९-८०मध्ये तिथल्या साडेआठ हजार सफाई कामगारांना एकेक करून भेटली, हात मिळवला आणि त्यांचे आभार मानले. बादलीत काय पडतं आणि ती कोण उचलतं, हा चित्रकलेचा विषय आहे हे तिने मला पटवलं. म्हणून मी सुंदर छापील कागद विकत आणून कोलाज करत नाही. डायपरचं पाकीट, औषधाचं पत्रक, फाटलेलं पाकीट यांत आमच्या घराचे ते दिवस आहेत, विकतच्या कागदात ते नाहीत.

आज रात्रीपासूनच करायचं असेल तर एक खोकं आणि सारख्या मापाचे दोन पुठ्ठे शोधा, वहीएवढे पुरेत. आठवडाभर गोंदाला हात लावू नका. चित्र पूर्ण झालं की मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि त्या दिवशी मुलांचं वय किती होतं ते लिहा. माझ्या पहिल्या अकरा चित्रांवर मी ते लिहिलं नाही, आणि आता कुठलं कुणाच्या दात येण्याच्या वेळचं ते मला सांगता येत नाही.