राजा नाही, मग राजमुद्रा कशी?

प्रश्न असा आला आहे: प्रश्नमंजूषेसाठी किरिबाटी या प्रशांत महासागरातल्या देशाची माहिती मराठीत लिहिताना तिथल्या ‘कोट ऑफ आर्म्स’ला, म्हणजे देशाच्या अधिकृत चित्रचिन्हाला, राजमुद्रा म्हणावे का? तिथे तर राजा नाही, प्रजासत्ताक आहे.

शंका रास्त आहे, पण बोट चुकीच्या अर्ध्यावर ठेवले गेले आहे. ‘राज’ची काहीच अडचण नाही. आपणही प्रजासत्ताक आहोत, तरी राजपत्र निघते, राजदूत नेमले जातात. या शब्दांतला ‘राज’ राजाचा नाही, राज्यसंस्थेचा आहे. अडचण आहे ती ‘मुद्रा’ची.

मुद्रा उमटते. शिवाजी महाराजांचे पत्र डोळ्यांसमोर आणा: माथ्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी अष्टकोनी राजमुद्रा आणि मजकूर संपला तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. त्यापुढे कोणी एक ओळही घुसडू नये म्हणून. आपण रोज वापरतो ते ‘शिक्कामोर्तब’ याच व्यवहारातले. म्हणजे मुद्रेचे काम कागद खरा ठरवण्याचे.

‘कोट ऑफ आर्म्स’ मुळात ढालीवरचे चित्र, कोण कोणाचा हे दुरून ओळखण्यासाठी. ते शिक्क्यात कोरता येते, तसे झेंड्यावरही पसरता येते. किरिबाटीत नेमके तेच झाले आहे. 1937 मध्ये, गिल्बर्ट आणि एलिस बेटे ही ब्रिटिश वसाहत असताना, हे चिन्ह मिळाले. लाल आकाशात सोनेरी फ्रिगेट पक्षी, त्याखाली उगवता सूर्य, खाली निळ्या-पांढऱ्या लाटा. 12 जुलै 1979 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा ढालीवरचे हेच चित्र राष्ट्रध्वज झाले. सूर्याचे 17 किरण म्हणजे गिल्बर्ट समूहाची 16 बेटे आणि बनाबा हे बेट. तीन पांढऱ्या लाटा म्हणजे गिल्बर्ट, फिनिक्स आणि लाइन हे तीन द्वीपसमूह. खालच्या पट्टीवर ब्रीदवाक्य आहे: ‘ते मौरी, ते राओई आओ ते ताबोमोआ’, म्हणजे आरोग्य, शांती आणि समृद्धी. यातला ‘मौरी’ हा तिथल्या माणसांचा रोजचा नमस्कार आहे, हे मला फार आवडते.

आता यातले काय उमटवलेले आहे? काहीच नाही. म्हणून मी ‘राजचिन्ह’ लिहीन. अनेकवचनी ‘राजचिन्हे’ म्हटले की छत्र-चामरे आठवतात हे खरे, पण ‘किरिबाटीचे राजचिन्ह’ म्हटल्यावर तो घोटाळा होत नाही. ‘बोधचिन्ह’ मात्र टाळा. तो शब्द आता संमेलने, स्पर्धा आणि कंपन्यांचा झाला आहे. भारताच्या सिंहमुद्रेला राजमुद्रा म्हणणे रूढ आहे, आणि ती सरकारी कागदांवर उमटतेही, तिथे बदल करायचे कारण नाही.

जाता जाता नावाबद्दल. तिथले लोक ‘किरिबास’ म्हणतात. त्यांच्या लेखनात ‘स’साठी वेगळे अक्षर नाही, टी आणि आय ही अक्षरे जोडून तो उच्चार लिहितात. मूळ शब्द ‘गिल्बर्ट्स’च, तिथल्या जिभेवर बदललेला. मराठीत उच्चाराप्रमाणे लिहायची सोय असताना मी तरी ‘किरिबास’ लिहून पहिल्यांदा कंसात ‘किरिबाटी’ देईन, म्हणजे नकाशात शोधणारा अडणार नाही.

तुमचे वाक्य मग असे होईल: ‘किरिबासच्या (किरिबाटी) राजचिन्हातील ढालीवर जे चित्र आहे, तेच त्याच्या राष्ट्रध्वजावर आहे.’